डावीकडे पौष, उजवीकडे वैशाख

मारुती मंदिरावरून गाडी निघाली की हातखंब्यापर्यंत आमच्याकडे एक भांडण ठरलेलं असायचं. साळवी स्टॉप यायच्या आत बायको ओढणी गळ्याभोवती गुंडाळून म्हणायची, "अहो, एसी कमी करा, कान दुखायला लागले." इकडे माझा सदरा सीटला चिकटलेला. मी म्हणायचो, "कमी? तो आधी लागू तरी दे!" कुवारबाव येईपर्यंत ब्लोअरचं बटण चार वेळा मागे-पुढे व्हायचं आणि खेडशीला दोघंही गप्प. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होतो. हातभर अंतरावर तिच्याकडे पौष होता आणि माझ्याकडे वैशाख. हे कळायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला, कारण एकमेकांच्या जागी बसून बघण्याचं काही आमच्या डोक्यात आलं नाही.

"एसी थंडच करत नाही" ही एक तक्रार आणि "एसी एकाच बाजूला थंड करतो" ही दुसरी. गॅरेजमध्ये दोन्हींवर बहुधा एकच उतारा मिळतो: "गॅस भरून टाकू." पण दुसरी तक्रार घेऊन येणारा माणूस खरं तर नशीबवान असतो. एक बाजू गार आहे म्हणजे कॉम्प्रेसर फिरतोय, ब्लोअर हवा फेकतोय, यंत्राचा बराचसा भाग धडधाकट आहे. बिघाड कुठेतरी एका कोपऱ्यात बसलाय, आणि तो कोपरा कोणता ते घरच्या घरी शोधता येतं.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या माठापाशी जावं लागेल. विदर्भात उन्हाळ्यात माठातलं पाणी दाताला लागतं. रत्नागिरीत मे महिन्यात तेच पाणी फार तर नळाच्या पाण्यापेक्षा बरं म्हणायचं. माठ तोच, माती तीच. फरक हवेत आहे. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. आपली हवा समुद्राने आधीच भिजवून ठेवलेली, तिला आणखी वाफ घ्यायची इच्छा नसते. नागपूरकर पाहुणे हौसेने कूलर घेऊन येतात आणि इथे त्यातून नुसता दमट वारा येतो, त्याचंही कारण हेच.

मोटारीतला एसी म्हणजे बंद केलेला माठ. पाण्याच्या जागी त्यात एक वायू असतो. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए नावाचा आहे. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. मोकळ्या हवेच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात हा द्रव एका बारीक तोंडातून, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, सोडला की तो उकळतो आणि कॉइलवरून जाणाऱ्या हवेतली उष्णता ओढून घेतो. माठाची वाफ हवेत निघून जाते. इथली वाफ कॉम्प्रेसर परत खेचतो, दाबतो, आणि गाडीच्या नाकाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये पाठवतो. तिथे ती बाहेरच्या वाऱ्यावर उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. मिरकरवाड्यात मासळीवर पसरायचा बर्फ ज्या तऱ्हेच्या कारखान्यात होतो, तिथेही हेच चक्र चालतं; वायू तेवढा सहसा अमोनिया.

आता एक हिशेब मांडतो, कारण तो बहुतेकांच्या समजुतीच्या उलट निघतो. एक किलो हवा म्हणजे साधारण एक लोखंडी कपाट भरेल एवढी. नागपूरची ४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची एवढी हवा १२ अंशांपर्यंत गार करायला सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. रत्नागिरीची ३२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची तेवढीच हवा १२ अंशांना आणायला ५२. पारा बारा अंशांनी खाली, तरी काम दीडपटीहून जास्त! त्या ५२ पैकी तिसाच्या वर नुसते हवेतलं पाणी पिळून काढण्यात जातात. कपाटभर हवेतून सुमारे १२ ग्रॅम पाणी निघतं. गाडी उभी केल्यावर खाली जे थारोळं साचतं ते हेच. त्याला गळती समजून घाबरणारे लोक मी पाहिलेत. घाबरायचं ते थारोळं साचत नसेल तर, आणि त्याऐवजी डाव्या पायाखालची मॅट ओली होत असेल तर. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत पालापाचोळा अडकतो, आणि आमच्याकडे कुंभारीण माशी तिच्या तोंडाशी चिखलाचं घरही बांधते.

पाणी पिळणं हे काही एसीचं जोडकाम नव्हे, त्याचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला ओलावा काढायची योजना आखली. माणसांना गारवा हे सगळं नंतरचं. मोटारीत एसी आणला पॅकार्ड कंपनीने, १९३९ साली. त्याचं धूड डिकीत बसायचं, थंड झोत मागच्या सीटच्या पाठून यायचा आणि यंत्र बंद करायचं तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागायचा. म्हणजे मागचे कुडकुडणार आणि पुढचे वाट बघणार, हा प्रकार मोटारीच्या एसीइतकाच जुना आहे.

सांगायचा मुद्दा, रत्नागिरीत एसीला शिल्लक ताकद फारशी उरत नाही. जो बारीक दोष कोरड्या गावात वर्षभर झाकून जातो, तो इथे मार्च संपता संपता उघडा पडतो. म्हणून पहिली गोष्ट, अगदी फुकटातली: गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण असलेलं बटण दाबलेलं आहे का ते बघा. ते दाबलेलं नसेल तर बाहेरची ओली हवा सतत आत येते आणि कॉइल पाणीच पिळत बसते. (लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर कोंडलेल्या हवेत झापड येते.)

मग हवेची वाट समजून घ्यायची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो हवा केबिन फिल्टरमधून घेतो आणि कूलिंग कॉइलवरून ढकलतो. पुढे एक फ्लॅप असतो. गारवा कमी-जास्त करायचं बटण फिरवलं की हलतो तो हा. थोडी हवा गरम पाण्याच्या हीटर कॉइलवरून जाऊ द्यायची की सगळी सरळ पुढे सोडायची, हे तो ठरवतो. ज्या गाड्यांत डावी-उजवीकडचं तापमान वेगवेगळं लावता येतं, त्यांत असे दोन फ्लॅप, आणि प्रत्येकाला आपली छोटी मोटर. तिथून हवा डॅशबोर्डवरच्या चार जाळ्यांत वाटली जाते. चालकाच्या उजव्या हाताची जाळी सहसा सगळ्यात लांब, त्यामुळे चांगल्या गाडीतही तिथे एक-दोन अंश जास्त दाखवले तर बिघडलं म्हणू नये.

तपासणीला लागणारं हत्यार म्हणजे वायरच्या टोकाला सळई असलेला डिजिटल थर्मामीटर. मत्स्यालयवाल्याकडे मिळतो तोही चालतो. त्याच्याही आधी कागदाची एक पट्टी. पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरा आणि ती सारखीच फडफडते का बघा. कारण "इकडे थंड येत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांकडे हवाच येत नसते. आंब्याच्या दिवसांत ज्यांची गाडी पेट्या वाहते, त्यांनी ही परीक्षा चुकवू नये. माझ्या मावसभावाच्या गाडीत डाव्या जाळीच्या नळीतून मूठभर पेंढा निघाला. पेट्यांच्या वासाने आलेल्या उंदराने तो एकेक काडी करून नेला होता. केबिन फिल्टरही कुरतडलेला, आणि उरला होता त्यावर लाल मातीचा थर. त्या गाडीला गॅसची गरज नव्हती. गरज होती ती झाडूची.

हवा सगळीकडे सारखी येत असेल तर थर्मामीटर. गाडी सावलीत, काचा बंद, हवा आतल्या आत, ब्लोअर पूर्ण, गारवा पूर्ण, आणि इंजिनाचे फेरे दीड हजाराच्या आसपास. दहा मिनिटांनी चारही जाळ्यांत सळई घालून आकडे लिहायचे. माझे आकडे, डावीकडून उजवीकडे: ९, १०, १४, १७. आमच्या भांडणाचा पंचनामा तो हाच. आठ अंशांचा फरक घेऊन एक संसार रोज हातखंब्याला जात होता.

आता हा फरक कधी पडतो, ते बघायचं. सकाळी इंजिन थंडगार असताना एसी लावा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत चारही आकडे जवळजवळ सारखे, आणि इंजिन तापत गेलं तशी एकच बाजू गरम होत गेली, तर संशय फ्लॅपवर. तो पुरता मिटत नाही, फटीतून हीटरची गरम हवा मिसळते, आणि हीटरमध्ये गरम पाणी यायला इंजिन तापावं लागतं म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. अशा वेळी डॅशबोर्डच्या पोटात "टक-टक-टक" असा आवाज येत असेल तर फ्लॅपच्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते गेलेत. कधी कधी बॅटरी बदलल्यावर मोटर आपली शून्याची खूण विसरते; ती पुन्हा शिकवावी लागते, आणि त्याची रीत गाडीगणिक वेगळी.

पण फरक पहिल्या मिनिटापासूनच असेल तर दुसरी चाचणी: ब्लोअर एकदम कमी करा आणि पाच-सात मिनिटांनी पुन्हा आकडे घ्या. माझे झाले ८, ८, १०, ११. फरक आठवरून तीनवर आला. फ्लॅपचा दोष असता तर तो असा मिटला नसता. गॅस कमी असला की द्रव कॉइलमध्ये शिरतो, पहिल्या टप्प्यातच उकळून संपतो आणि उरलेल्या कॉइलमधून नुसती वाफ फिरते. वाफेला आता उष्णता ओढायची फारशी ताकद नाही. म्हणजे कॉइलचा शिरकावाकडचा भाग बर्फासारखा आणि दुसरं टोक कोमट; त्या टोकावरून येणारी हवा ज्या जाळीत जाते तिथे वैशाख. ब्लोअर कमी केला की कॉइलवरचा भार उतरतो, तेवढाच द्रव आणखी पुढपर्यंत पुरतो. कोणती बाजू गरम होईल ते द्रव कुठून शिरतो यावर, म्हणजे गाडीच्या रचनेवर आहे. म्हणून "उजवीकडे गरम म्हणजे गॅस कमी" असं सूत्र पाठ करून ठेवू नये.

इथे वाचक म्हणेल, मग गॅरेजवाला "गॅस भरू" म्हणत होता त्यात चूक काय? माझ्या गाडीत तर त्याआधी दोनदा गॅस भरून झाला होता. दर वेळी दोन महिने थंडी वाजायची आणि मग पुन्हा ओढणी आणि घाम. दोन्ही वेळा लाल-निळी गेज लावून, काटा "बरोबर" आला की नळ बंद. तिसऱ्यांदा गेलो तो दुसऱ्या एका मेस्त्रीकडे. वयाने माझ्या मुलाएवढा. मी आल्या आल्या विचारलं, "गेज लावून बघ, किती आहे?"

"काका, गेजवर दाब कळतो, गॅस किती तो कळत नाही. घरात सिलिंडर संपत आला की काय करता?"

"हलवून बघतो."

"मग! शेगडीची ज्योत बघून कळतं काय, दोन किलो उरलाय की दहा?"

याहून चांगला धडा मला पुस्तकात सापडलेला नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आतला दाब तापमानावर ठरतो, वजनावर नाही. आर-१३४एचंही तेच. एसी बंद, गाडी सावलीत ३० अंशांना निवांत उभी असेल तर दाब सुमारे ९७ पीएसआय दिसतो, आत पूर्ण भरती असो की तिच्या निम्मी. एसी चालू असतानाचे दोन काटे पुष्कळ काही सांगतात, पण ग्रॅम नाही सांगत. लहान गाडीत सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास गॅस मावतो. तिथे शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झाले की चेहरामोहरा बदलतो, आणि जास्त भरला तरी थंडी कमीच होते. म्हणून काढायचा तोही वजनावर आणि भरायचा तोही वजनावर.

त्याने यंत्र लावून आतला गॅस काढला, तोलला, आकडा कागदावर लिहिला आणि मग पुढचा बंपर सोडवला. कंडेन्सरच्या जाळीवर मीठ फुटल्यासारखी पांढरी भुकटी होती. भाट्याच्या किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर रात्री उघड्यावर उभी राहणारी गाडी, ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांवर खारा वारा, आणि बंदरावरून आलेल्या मासळीच्या गाड्यांचं रस्त्यावर सांडणारं पाणी. एका कोपऱ्यात, नळीच्या सांध्याखाली, रुपयाएवढा काळपट तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस उडून जातो, तेल मागे राहतं. बोटाने डाग पुसून तो म्हणाला, "ही बघा तुमची दोन बिलं."

सांधा आणि कंडेन्सर बदलला, नायट्रोजनचा दाब देऊन गळती नाही याची खात्री केली. मग व्हॅक्यूम पंप लावून त्याने गाडी अर्धा तास तशीच सोडली. या अर्ध्या तासाबद्दल ग्राहक कुरकुर करतात. नळ्यांत शिरलेला ओलावा काढायचा तर आतला दाब इतका उतरवायचा, की ३० अंशांनाच पाणी उकळून निघून जाईल. मोकळ्या हवेच्या दाबाच्या साधारण विसाव्या हिश्श्याहूनही खाली. हे न करता गॅस भरला तर राहिलेला थेंब एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठतो, एसी चालता चालता बंद पडतो, थोड्या वेळाने वितळून पुन्हा चालू होतो, आणि मालक गाडीला भूतबाधा झाली म्हणतो. कोकणच्या हवेत हा अर्धा तास वाचवणारा मेस्त्री स्वस्त पडत नाही.

गळती न शोधता गॅस भरत राहण्याचं आणखी एक खातं आहे, ते आपल्या बिलात दिसत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए वातावरण तापवण्यात सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा धरतात. एका लहान गाडीतला सगळा गॅस हवेत गेला म्हणजे सहाशे किलोंच्या वर. ओझोनच्या थरासाठी १९८७च्या माँट्रियल करारानंतर आधीचा आर-१२ गेला आणि हा आला. आता हाही जायच्या वाटेवर आहे तो या कारणासाठी.

प्रत्येक वेळी दोष यंत्रातच असतो असं नाही. मुंबई-गोवा महामार्ग आपल्याकडे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण धावतो. दुपारी चारला राजापूरकडे निघालात तर पश्चिमेचं ऊन चालकाच्या उजव्या दंडावर. चिपळूणकडे निघालात तर तेच ऊन डावीकडे. जाताना मला उकडतं आणि उलट दिशेला तिला, असं होत असेल तर गॅरेजला जाऊ नका, काचेला पडदा लावा. जाळीतले आकडे सारखे असतील तर एसी निर्दोष आहे.

काही असमानता जागेची नसून वेळेची असते. गाडी पळते तेव्हा गार आणि हातखंबा तिठ्यावर ट्रकमागे अडकली की कोमट, असं असेल तर कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते बघा. चालत्या गाडीत जे काम वारा करतो, ते उभ्या गाडीत पंख्याला करावं लागतं. उलट, नाणीज-साखरप्यापर्यंत छान आणि आंबा घाट लागला की झोतच बारीक झाला, तर कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवा. झोत परत आला आणि खाली नेहमीपेक्षा जास्त पाणी पडलं की निदान पक्कं. कारण बहुतेकदा तुंबलेला फिल्टर, कमी गॅस किंवा कॉइलचा सेन्सर.

गणपतीत मुंबईहून सात आसनी गाड्यांतून येणाऱ्या चाकरमान्यांची तक्रार वेगळी: मागच्या रांगेत आजी आणि नातवंडं घामाघूम. काही गाड्यांत मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल असते आणि तिचा व्हॉल्व्हही वेगळा. काहींत मागे नुसता ब्लोअर असतो, तो गाडीतलीच हवा मागे फेकतो. पहिल्या प्रकारात मागे गरम म्हणजे दुरुस्ती. दुसऱ्यात मात्र दहा-पंधरा मिनिटं धीर धरायचा आणि मधल्या रांगेतल्या पिशव्या वाटेतून काढायच्या. आपली गाडी कोणत्या प्रकारची ते विकत घेतानाच विचारून ठेवलेलं बरं.

गॅरेजला जाताना चार जाळ्यांचे चार आकडे, ते कोणत्या वेळी आणि कोणत्या ब्लोअरवर घेतले, एवढा कागद बरोबर न्या. आणि निघण्याआधी बॉनेट उघडा. आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक छोटं स्टिकर असतं. त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, कारण धुऊन धुऊन ते पुसलं जातं. माझ्या गाडीच्या स्टिकरवर ४५० लिहिलं आहे. त्या मुलाने त्या दिवशी गाडीतून काढून तोलला तो गॅस निघाला २६० ग्रॅम.